स्लाइड नंबर सदतीस

योगिनी पेठकर मोजायला बसली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा चिंचवडच्या त्या प्रयोगशाळेत अलिखित नियम होता. डाव्या हातात अंगठ्याने दाबायचा काउंटर, उजवा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर, पाठ ताठ आणि ओठ घट्ट मिटलेले. मध्येच कुणी चहाचं विचारलं तर ती उत्तर द्यायची नाही, नुसती नजर वर करायची, आणि विचारणारा आपला कप घेऊन निमूट निघून जायचा. एकदा तर आग लागल्याची तालीम चालू होती, भोंगा वाजत होता, सगळे जिन्याने खाली पळाले आणि बाई वर एकट्या मोजत बसल्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "सोळाशे झाल्या होत्या. सोडून आले असते तर पहिल्यापासून मोजायला लागलं असतं."

काम तसं सांगायला सोपं. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, त्यांना विभागायला लावायचं, मग काचेवर पसरून, रंगवून एकेक पेशी बघायची. विभागताना आतल्या जनुकांच्या धाग्यांची मोडतोड झालेली असेल तर तुटका तुकडा केंद्रकाच्या बाहेर राहतो आणि शेजारी मोहरीएवढा वेगळा ठिपका दिसतो. हे ठिपके मोजायचे. एका माणसाच्या दोन हजार पेशी. निरोगी माणसातही दहा-वीस ठिपके सापडतातच. वयाने वाढतात, तंबाखूने वाढतात, धुराने, औषधाने, एक्स-रेने वाढतात. ठिपका का आला हे ठिपका सांगत नाही. हे शेवटचं वाक्य योगिनी तेवीस वर्षं येईल त्याला ऐकवत आली होती आणि ते कुणालाच आवडायचं नाही.

तिच्या सोसायटीलाही आवडलं नव्हतं. ती पिंपळे सौदागरला राहायची. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला तेव्हा क्लबहाउसमध्ये सभा भरली. कुणीतरी मोठ्या पडद्यावर लालभडक चित्रं दाखवली, लहरींमुळे जनुकं बदलतात, पुढच्या पिढ्या बाद होतात, असं बरंच काही. "पेठकर मॅडम त्याच लाइनमधल्या आहेत, त्या सांगतील," म्हणून हिला उठवलं. ही म्हणाली, "एवढ्या अंतरावरून पेशींना इजा होते असा भक्कम पुरावा नाही. अजिबात होत नाही अशी शपथही मी घेणार नाही." झालं. ज्यांना टॉवर नको होता ते रुसले, ज्यांना भाडं मिळत होतं तेही रुसले. मग दोनशे सह्या झाल्या, वकील आला, नगरसेवक येऊन फोटो काढून गेला, आणि सहा आठवड्यांत टॉवर उतरला. योगिनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. भीती वाटते त्याने विचारावं, हे तिला मान्यच होतं. विचारायची सोय सगळ्यांनाच असते असं मात्र ती तेव्हा समजून चालली होती.

पुढच्याच वर्षी चाकणच्या एका कारखान्याचं काम प्रयोगशाळेकडे आलं. तिथे गाड्यांचे शाफ्ट कडक करतात. तांब्याच्या वेटोळ्यात शाफ्ट ठेवायचा आणि वेटोळ्यातून प्रचंड वीज सोडायची. ज्वाळा नाही, कोळसा नाही, नुसत्या चुंबकीय क्षेत्राने ते लोखंड चार-पाच सेकंदांत लालबुंद होतं. जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली अंगठीसुद्धा तापते. कंपनीच्या परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली होती, की या यंत्रांजवळच्या कामगारांच्या पेशी तपासून अहवाल द्या. विषयाला तोंड फुटलं ते या गिऱ्हाइकामुळे. आपल्याकडे कुणाला सुचलं असतं असं समजायचं कारण नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख सुरेंद्र सर. त्यांनी कंपनीबरोबर बसून आराखडा केला. दोन गट, तीस-तीस माणसांचे. पहिल्या गटात यंत्र विभागात दहा वर्षांहून जास्त काढलेले. दुसऱ्या गटात एका वर्षाच्या आतले, नुकते लागलेले, म्हणजे तुलनेसाठी. तंबाखू खाणारे दोन्हीकडून वगळले. कोण कुठल्या गटात हे कंपनीच्या नोंदीवरून ठरणार. योगिनीकडे फक्त आकडे घातलेल्या साठ काचा आल्या. मोजणाऱ्याला माणूस कळता कामा नये, हा शास्त्राचा नियम, आणि तो चांगलाच नियम आहे.

पाच आठवडे तिने मोजलं. सदतिसाव्या काचेत सत्तेचाळीस ठिपके निघाले. तिने ती काच दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा मोजली. सत्तेचाळीसच. अशा आणखी दहा-बारा काचा होत्या, चाळिशीच्या आगेमागे. तिच्या मनात आलं, ही जुनी माणसं असणार.

मग कुठला नंबर कुणाचा ही सांकेतिक यादी उघडली. सदतीस नंबर दुसऱ्या गटातला निघाला. नवीन लागलेला, नोकरी चार महिने. बाकीच्या चाळिशीवाल्या काचाही बहुतेक त्याच गटातल्या. जुन्यांची सरासरी जास्त यायला हवी होती, ती उलट नव्यांचीच जास्त आली. सुरेंद्र सरांनी हसून निष्कर्ष लिहायला घेतला: यंत्राजवळच्या कामाचा जनुकांवर परिणाम आढळून येत नाही.

योगिनीला ते पचेना. काच विचित्र निघाली तर त्या माणसाला पुन्हा बोलवावं असं आराखड्यातच होतं. तिने सदतीस नंबरला निरोप धाडला.

तो गुरुवारी आला, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी. मालोजी नाव. परभणीकडचा, चाळिशी उलटलेली, खराबवाडीत एका खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहणारा. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दवाखान्यात जायचं म्हणून. योगिनीने त्याचा दंड बांधला, शीर शोधता शोधता सहज विचारलं, "कंपनीत किती महिने झाले तुम्हाला?"

मालोजीने तिच्याकडे पाहिलं. "ह्या पासवरचे सांगू मॅडम, का समदे धरून?"

योगिनीच्या हातातली सुई हातातच राहिली. "म्हणजे?"

"ह्या पासवर चार महिने. समदे धरून चौदा वर्षं व्हायलेत."

मग त्याने जे सांगितलं त्यात त्याला काहीच विशेष वाटत नव्हतं. इतकी वर्षं तेच चाललं असल्यावर माणसाला काय वाटणार! कंत्राटी कामगाराला अकरा महिने झाले की ब्रेक. पाच-सहा दिवस घरी बसायचं, मग दुसऱ्या ठेकेदाराचा नवा पास, नवा नंबर, रुजू झाल्याची नवी तारीख. माणूस तोच, यंत्र तेच, उभं राहायची जागा तीच. पासवर हुद्दा कायम एकच, 'हेल्पर, पॅकिंग'. पॅकिंगचा विभाग त्याने चौदा वर्षांत आतून पाहिलेला नव्हता.

"आणि ते दहा वर्षंवाले ऑपरेटर?"

"ते परमनंट हायत ना. ते काचंच्या केबिनमंधी पॅनलवर बसतेत. एसी हाय तिथं. कॉइलपाशी आमीच. शाफ्ट लावायचा, काढायचा, लावायचा, काढायचा. शिफ्टला सहाशे नग." त्याने उजव्या हाताचं रिकामं बोट दाखवलं. "लग्नातली अंगठी पहिल्याच हप्त्यात काढून ठिवली. चटका बसायचा."

योगिनीने रक्त काढलं, कापूस दाबून धरायला दिला आणि ती आतल्या खोलीत गेली. तिला राग येतो तेव्हा तिचे कान गरम होतात. तेवीस वर्षं ती ठिपक्यांवर विश्वास ठेवत आली होती, आणि इथे ठिपके खरं बोलत होते, कागद धडधडीत खोटं सांगत होता. रक्तातल्या त्या पेशींतल्या काही वर्षानुवर्षं जगतात आणि जुन्या इजेच्या खुणा सांभाळून ठेवतात. मालोजीच्या शरीराने चौदा वर्षं लक्षात ठेवली होती. ती विसरण्याचं काम कंपनीने दर अकरा महिन्यांनी नियमाने केलं होतं. आणि त्या विसरभोळेपणावर आता शास्त्राचा शिक्का उमटणार होता, तोही योगिनीच्या सहीने, कारण अहवालावर मोजणाऱ्याची सही लागते.

पुढच्या आठ दिवसांत तिने दुसऱ्या गटातल्या बाकी एकोणतीस जणांनाही फोन केले. प्रश्न एकच, समदे धरून किती. मालोजी धरून सतरा जण पाच वर्षांच्या वरचे निघाले, त्यातले अकरा दहाच्या वरचे. चाळिशीवाल्या काचा यांच्याच होत्या. तिने एका कोऱ्या कागदावर गट नव्याने पाडले, कोण कॉइलपाशी उभा राहतो आणि किती वर्षं, एवढंच पाहून. मग मात्र फरक असा ढळढळीत दिसायला लागला की शाळेतल्या पोरालाही कळावा. हे चुंबकीय क्षेत्रानेच झालं असं ती म्हणत नव्हती. तिथे तापलेल्या तेलाचा धूर आहे, उष्णता आहे, रात्रपाळ्या आहेत. पण हे शोधायला हवं, एवढं तर कुणीही शहाणा माणूस म्हणेल.

ती कागद घेऊन सुरेंद्र सरांच्या केबिनमध्ये गेली.

"योगिनी, गट कंपनीच्या नोंदीवरून पाडायचे असं आराखड्यात स्पष्ट लिहिलंय," सर म्हणाले.

"नोंद खोटी असेल तर, सर?"

"खोटी कशी? त्या पासवर तो चारच महिने आहे."

"आणि माणूस?"

सरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो. मुलीच्या लग्नात सगळ्यांना पंगतीत स्वतः आग्रह करत फिरला होता. "हे बघ, आपण पेशी तपासतो. कामगार कायदा तपासायला दुसरं खातं आहे. आता तू म्हणतेस म्हणून गट बदलले तर कंपनी म्हणेल, निकाल बघून तुम्ही गट बदलले. आणि त्यात शास्त्रीयदृष्ट्या तथ्य आहे, तुलाही माहीत आहे."

हेच तर संतापजनक होतं. तथ्य होतं! चोराने कुलूप आतून लावून घ्यावं आणि दार फोडणाऱ्याला कायदा सांगावा, तसलं तथ्य. योगिनी म्हणाली, "मग नवा अभ्यास करू. पण यावर मी सही करणार नाही. 'परिणाम आढळत नाही' म्हणायला आधी बघावं लागतं सर. आपण बघितलेलंच नाही. आपण नव्यांच्या जागी जुने आणि जुन्यांच्या जागी एसीतले बसवून मोजलंय."

"सही नाही केलीस तर मला दुसऱ्या कुणाची घ्यावी लागेल."

"ज्याने एक काच पाहिली नाही त्याची? घ्या."

तिने सरळ संस्थेच्या नीती समितीकडे अर्ज दिला. माणसांवरच्या अभ्यासावर नजर ठेवायला अशी समिती असते. बहुतेक वेळा ती वर्षातून दोनदा भेटते, सामोसे खाते आणि सह्या करते. समितीने उलट विचारलं, चौदा वर्षांचा पुरावा काय? माणसांच्या तोंडी सांगण्यावर आम्ही कसं जायचं?

पुरावा मालोजीकडे होता. ब्रेकच्या वेळी जुना पास ठेकेदाराकडे जमा करावा लागतो. हा दरवेळी हरवला म्हणून सांगायचा, शंभर रुपये दंड भरायचा आणि पास घरी पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. कशाला, असं योगिनीने फोनवर विचारलं, तर म्हणाला, "आपुन हितं होतो ह्याचं कायतरी ऱ्हावं म्हनून."

"मालोजीभाऊ, हे पास दाखवले तर कंपनीला कळणार. पुढचा पास मिळणार नाही कदाचित. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमचं नाव कुठेच येऊ देणार नाही."

फोनवर मागे मुलींचं भांडण ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "ताई, माज्या संगट एक जन उभा ऱ्हायचा, कुलदीप. लगीन होऊन नऊ वर्षं झाली, तीन टायमाला बायकोचं पोट पडलं. डॉक्टरनी इचारलं, काय काम करता? त्यानं पास दाखिवला. डॉक्टर म्हनले, पॅकिंग? मग कामाचा काय संबंध न्हाई. आता खरंच संबंध हाय का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. तुमाला म्हाईत हाय का?"

"नाही. कुणालाच माहीत नाही."

"मंग ते म्हाईत व्हावं. लिवा माजं नाव."

समितीत पाच जण होते. चार डॉक्टर-प्राध्यापक, आणि सामान्य नागरिकांच्या वतीने एक निवृत्त मुख्याध्यापिका, सुमनताई. चौघांनी अर्धा तास सरासरी आणि नमुना-संख्येवर चर्चा केली. मालोजी कडेच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता; त्याला कुणी काही विचारलंच नाही. सुमनताईंनी तेवढ्यात त्याच्या पिशवीतले पास काढून टेबलावर तारखेप्रमाणे लावले. अकरा पास होते, तीन हरवलेच होते. अकरा ठेकेदार, अकरा नंबर, अकरा रुजू तारखा. फोटोतला माणूस डावीकडून उजवीकडे हळूहळू म्हातारा होत गेला होता.

"हे सगळे तुम्हीच?" सुमनताईंनी विचारलं.

"मीच की बाई. ह्यात मिशा काळ्या हायत, तेवढाच काय तो फरक."

सुमनताईंनी चौघांकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मुलांचे दाखले लिहिले मी. एकाच मुलाला दरवर्षी पहिलीत बसवणारी शाळा नाही पाहिली. आणि तुम्ही म्हणताय, हा पहिलीतच आहे, सबब त्याला वाचता येत नाही!"

त्या दिवशी समितीने अहवाल अडवला. ठराव झाला, की कॉइलजवळ प्रत्यक्ष दहा वर्षांहून जास्त काम केलेल्या कामगारांवर अभ्यास नव्याने करावा आणि त्यांची नावं कंपनीकडून मागवावीत. योगिनी त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी घरी गाणं गुणगुणत स्वयंपाक करत होती.

आनंद फार टिकला नाही. महिन्याभरात मालोजीचा पास मुदतीआधीच संपवला गेला आणि नवा आला नाही. ठेकेदाराने कारणही दिलं नाही, 'सध्या भरती बंद' एवढंच. त्याच आठवड्यात त्याच्या जागी दुसरा लागला. इकडे सुरेंद्र सरांनी कामाची फेरवाटणी केली आणि योगिनीला सूक्ष्मदर्शकावरून उठवून नमुने घ्यायच्या खिडकीत बसवलं. तेवीस वर्षं मोजणारी बाई आता बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली. पगार तोच होता. सर म्हणाले, तुझ्या डोळ्यांनाही आराम मिळेल. हे त्यांनी अगदी मायेने सांगितलं, आणि तिला त्या मायेचाच सगळ्यात जास्त राग आला.

अडीच महिन्यांनी मालोजी त्या खिडकीशी आला. अंगावर वॉचमनचा निळा गणवेश होता. पुनावळ्याच्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर लागला होता. तिथेही गच्चीवरच्या टॉवरवरून रहिवाशांची सभा चालली आहे, असं त्याने हसत सांगितलं. संमतीपत्रावर लिहिलं होतं, की स्वतःचा निकाल जाणून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. तो हक्क मागायला तो आला होता.

योगिनीने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. सत्तेचाळीस ठिपके, दुसऱ्यांदा रक्त घेतलं त्यात एकोणपन्नास. हे जास्त आहेत. हा आजार नव्हे, पण दरवर्षी तपासायला हवं. कशामुळे, ते आज सांगता येत नाही. नवा अभ्यास झाला की कळेल कदाचित.

"कवा व्हनार तो?"

तिच्या टेबलावर कंपनीचं पत्र पडलं होतं, त्याच सकाळी समितीकडून प्रत आलेली. ते त्याच्यापासून लपवावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग आपण काय त्यांच्यातले आहोत का, असं म्हणून तिने ते त्याच्या हातात दिलं. मालोजी ओळीखाली बोट धरून वाचू लागला.

'आपण मागविलेल्या माहितीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आमच्या नोंदीनुसार सदर यंत्राजवळ दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेला एकही कंत्राटी कामगार आमच्या आस्थापनेत नाही व कधीही नव्हता. सबब प्रस्तावित अभ्यासाचा प्रश्न उद्भवत नाही.'

त्याने ते दोनदा वाचलं. घडी होती तशी घालून तिच्यासमोर ठेवलं.

"मंग ताई," तो म्हणाला, "ह्या दोन हजार पेशी तुमी कुनाच्या मोजल्या?"